चाळणी झालेले शर्ट

लग्नानंतर तीन वर्षं मी आमच्या कुडवा गावात कपडे फाडणारी सून म्हणून नावाजले होते. नवरा परराज्यात तांब्याच्या कारखान्यात होता. तांबं वितळवताना निघणाऱ्या गॅसपासून तिथे तेजाब, म्हणजे ॲसिड बनायचं, आणि त्याची ड्यूटी तिथेच. सुटीवर येताना तो मळके सुती शर्ट आणायचा. धुण्याआधी ते धड दिसायचे, धुऊन पिळले की चाळणी.

सासू म्हणायची, "कपडे धुऊन राहिली का धान झोडून राहिली?"

मी साबण बदलला. दगड सोडून बादलीत नुसते बुचकळले. तरी भोकं.

शेवटी एका सुटीत धुऊन चाळणी झालेले शर्ट त्याच्या पुढ्यात टाकले. म्हटलं, "यापुढे तुमचे तुम्हीच धुवा."

तो हळूच म्हणाला, "तेजाबाचे शिंतोडे हायेत. पाण्यात गेल्यावरच भोकं दिसतेत. प्लांटात सर्वायले मालूम हाय."

"मंग इतके दिवस काऊन नाही सांगितलं?"

"माय भेली असती."

मी भ्याले असते, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

तेवढ्यात सासू आली. एका भोकात बोट घालून माझ्याकडे बघत राहिली. नवरा खाली मान घालून बसला होता.

"हो," मी म्हटलं, "जोरातच आपटला."