आई पाणी काहून पीत नव्हती

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर आई रडली नाही. आजूबाजूच्या आया डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या आणि माझी आई मला बाजूला घेऊन विचारत होती, "विमानात संडास असते ना वं? दार आतून लागते ना? लाजू नको, आधी पाहून ठेवजो." मी मेलबर्नला चालले आणि हिला काय सुचतंय, तर संडास! मला भयंकर राग आला होता. या गोष्टीला चौदा वर्षं झाली.

बाबा नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या वीज केंद्रात कामाला होते. रिटायर झाल्यावर कॉलनीतलं क्वार्टर सोडून त्यांनी गावातच दोन खोल्या बांधल्या. चार वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हापासून आई तिथं एकटी राहते. दादा नागपुरात, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये.

आणि मी इथं मेलबर्नला काय करते, ऐकाल तर हसाल. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचं त्यांना काय काय जमतं ते तपासते. आंघोळ, कपडे, टॉयलेट, अंथरुणातून उठणं, जेवण. जमतं ते त्यांच्याच हाती ठेवायचं, अडतं तिथंच मदत द्यायची, हे आमचं काम. परक्या आजोबांना मी पहिल्याच भेटीत बेधडक विचारते, टॉयलेटवरून उठताना काय धरता? आईला मात्र इतकी वर्षं रोज एकच प्रश्न, "जेवली का?" ती म्हणायची, "जेवली. मी मस्त आहो." झाला फोन. तुम्ही जे माझ्यासारखे बाहेर पडलात, तेही हेच विचारता, मला माहीत आहे.

गेल्या मे महिन्यात आई अंगणात चक्कर येऊन पडली. दवाखान्यात सलाईन लावलं. अंगातलं पाणी कमी झालंय, डॉक्टर म्हणाले. दादा फोनवर ओरडतच होता, "नागपूरचं ऊन, घरात माठ भरलेला, आणि हे बाई पानी पेत नाही!" मी त्याला माझा कामावरचा तपासणीचा फॉर्म वाचून दाखवला. खुर्चीतून उठता येतं? येतं. उभं राहून आंघोळ करता येते? येते. हातानं जेवते? जेवते. आई सगळ्यात पास. मग पाणी का पीत नाही? डोकंच चालत नसणार, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. तिला फ्लॅटवर न्यायचं, चोवीस तासांची बाई लावायची, घर भाड्यानं द्यायचं. शिकल्यासवरल्या माणसांचा मूर्खपणा बघा! माझी आई खुर्चीवर बसते कधी? तिचं अख्खं आयुष्य जमिनीवर गेलं.

सुटी काढून मी खापरखेड्याला गेले. आईनं दारातच सुनावलं, "दादाच्या घरी मी जात नाही. पौर्णिमेले मले विहारात जा लागते, माह्या साऱ्या बाया इथंच आहेत. न्याचंच असन तर उचलून न्या लागन."

मी म्हटलं, चार दिवस मी फक्त बघणार, कशाला हात लावणार नाही. फार कठीण गेलं हो ते. बादली नेताना तिनं ती दोनदा खाली टेकवली, तेव्हा मी माझे हात मांड्यांखाली दाबून बसले. पण ती भाकरी थापत होती, भिंतीला पाठ टेकून सावकाश लुगडं नेसत होती, गोळ्या वेळेवर घेत होती. डोकं आमच्यापेक्षा शाबूत!

तिसऱ्या दिवशी दुपारी ती अंगणाच्या टोकाच्या संडासात गेली आणि बराच वेळ झाला तरी आली नाही. मी हाक मारली. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "दार लोट." दार आतून लावणं तिनं कधीचंच सोडलं होतं. उकिडवी बसलेली आई नळाचा पाईप दोन्ही हातांनी धरून होती, पाईप भिंतीतून सुटत आला होता, आणि तिला उठता येत नव्हतं.

मी तिला उचललं. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "म्हनून पानी पेत नाही. पेलं का इथं या लागते."

"मले काहून नाही सांगितलं वं?"

"तुनं इचारलं काय कधी?"

मी तिथंच अंगणात बसून ढसाढसा रडले. पोटच्या पोरीला परक्या देशात पाठवताना तिनं हाच प्रश्न आधी विचारला होता. आणि मी, जिचं पोट याच प्रश्नावर चालतं!

रडून झाल्यावर दादाला बोलावून घेतलं. तो म्हणाला, "फ्लॅटमध्ये कमोड आहे."

"कमोडासाठी घर सोडू काय गा?" आई कडाडली.

मी दादाला सांगितलं, घर सुटणार नाही. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून भिंतीत दोन लोखंडी दांडे बसवून घेतले, संडासावर भोक असलेली खुर्ची ठेवली. खुर्चीवर बसायचं म्हणून आई दोन दिवस फुगून बसली, मग बसली. शेजारची वनिता रोज सकाळी येते, टब भरते आणि आईची आंघोळ होईपर्यंत अंगणात थांबते. आंघोळ घालायची नाही, भाकरी करायची नाही, असं बजावल्यावर ती गोंधळली, "मंग मी करू काय ताई?" मी म्हटलं, तू नुसती थांब.

"आनं उद्या हेही नाही जमलं तर?" दादानं विचारलं. रास्त प्रश्न होता. मी म्हटलं, तर उद्या पुन्हा बघू. आज जे जमतंय ते आजच तिच्या हातातून काढून घ्यायचं नाही. आता दादा महिन्यातून एक रविवार तिकडे काढतो. विचारत नाही, बसून बघतो.

घर कुठं, असं कुणी विचारलं की पूर्वी मी अडखळायची. आता नाही. जिथं लाज सोडून खरं विचारता येतं, ते घर.

परवा व्हिडिओ कॉलवर आईनं माझ्या जेवणाची चौकशी केलीच नाही. म्हणाली, "खाली बस. आता उठून दाखव." सत्तेचाळीस वर्षांची मी, मेलबर्नच्या गालिच्यावर मांडी घालून बसले आणि उठले. उठताना सोफ्याला हात लागला.

"पाह्यलं मी," आई म्हणाली. "बस पुन्हा."