मटणाला ऐकवलेला आवाज

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाकडे किस्से साठतात ते रिकाम्या बरण्यांसारखे. टाकून देणं जिवावर येतं आणि ठेवायला जागा नसते. मग कुणी चहाला बसलं की एकेक खाली काढायची. आमच्या बरण्या सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या. श्रीगोंद्याच्या बाजूला उसाच्या मळ्यांना लागून एक शेती कॉलेज होतं, त्यात आमचा मांसविभाग. विभाग म्हणजे साळवे सर, मी, शिपाई धोंडिबा आणि एक यंत्र.

यंत्र परदेशी होतं. स्टीलचं घंगाळ म्हणा ना. त्यात मिठाचं पाणी भरायचं, मटणाचे तुकडे सोडायचे आणि बटण दाबायचं. मग पाण्यातून माणसाच्या कानापलीकडचा आवाज जायचा. त्यानं बारीक बुडबुडे उठून फुटतात आणि मांसातली आवळून बसलेली प्रोटीनं सैल होतात, म्हणजे निबर मटण मऊ पडतं, असा सरांचा विश्वास. आपल्याला दिसायचं ते थरथरतं पाणी, आणि ऐकू यायची त्या पाण्याची बारीकशी सळसळ. बाहेर उसाचीही तशीच सळसळ चाललेली असायची. दुपारी कारखान्याकडून मळीचा वास यायचा, ऊन फरशीवर सरकत राहायचं, आणि खुर्चीत बसल्या बसल्या मीही त्या तुकड्यांसारखाच सैल होत जायचो. इतकं सुखाचं काम मला पुन्हा मिळालं नाही.

धोंडिबानं पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, ऐकूच येत न्हाई तर आवाज कसला म्हनायचा?"

"तुला येत नाही. मटणाला येतो," सर म्हणाले.

धोंडिबानं बराच वेळ पाण्याकडे पाहिलं. "मंजी जित्तेपनी ऐकलं न्हाई ते आता ऐकतंय व्हय," म्हणाला आणि चहा आणायला गेला.

*

कॉलेजच्या फाटकावर मोती नावाचं कुत्रं पडून असायचं. यंत्र सुरू झालं की ते उठायचं, आमच्या खिडकीकडे एकदा रागानं बघायचं आणि उसात निघून जायचं. बंद केलं की परत.

एकदा यंत्र चालू, त्याच्यावरचा काटा बरोबर जागेवर, पण मोती ढिम्म हलेना. सरांनी बटण बंद केलं. "मशीन बिघडलंय," म्हणाले. मी म्हटलं, सर, काटा तर ठीक दाखवतोय. सर म्हणाले, "काट्याला कान नाहीत." नगरहून मेकॅनिक आला, त्यानं उघडून पाहिलं, तर आवाज काढणारा भागच निकामी झालेला! तेव्हापासून बटण दाबलं की सर आधी खिडकीतून कुत्र्याकडे बघायचे, मग काट्याकडे.

*

मटण आणायचो उस्मानभाईंकडून. सरांनी त्यांना बजावलेलं, की बकरा म्हातारा हवा, जितका निबर तितका बरा. पण होई काय, आवाज ऐकवलेलं मटण मऊ आणि न ऐकवलेलंही मऊ. सरांची झोप उडाली. शेवटी आम्ही दोघं दुकानात गेलो.

उस्मानभाईंनी सुरी खाली ठेवली. "साहेब, कॉलेजात इतकी शिकलेली मानसं खानार आन मी म्हातारं देऊ? उद्या गावात तोंड दाखवायचंय मला. कवळंच देत हुतो."

सरांनी त्यांना प्रयोग समजावून सांगितला. ते ऐकून घेत होते आणि एकीकडे पुन्हा कोवळंच बांधत होते. शेवटी सरांनी बाजारातून एक म्हातारा बोकड स्वतः दोरीला धरून आणला, तेव्हा कुठे काम पुढे सरकलं.

*

मऊपणा मोजायचं साधन आमच्याकडे नव्हतं. म्हणून प्राध्यापकांना बोलवायचं, दोन वाट्या पुढे ठेवायच्या आणि कुठलं मऊ ते विचारायचं. सगळे डोळे मिटून चावायचे आणि म्हणायचे, "वा साळवे, लोणी आहे हो."

एके दिवशी सरांनी दोन्ही वाट्यांत आवाज न ऐकवलेलं साधंच मटण दिलं. तरी लोणीच!

सगळे गेल्यावर सर खिडकीशी उभे राहिले. तिसगावला त्यांचे वडील होते. दात सगळे गेलेले, कवळी बसवून घ्यायला तयार नाहीत, आणि मटण हा त्यांचा जीव की प्राण. वर्षानुवर्षं नुसत्या रश्श्यात भाकरी कुस्करून खात होते. यंत्र मागवण्याचं खरं कारण ते होतं, हे सरांनी मला त्या संध्याकाळी सांगितलं. "ही माणसं मला खूश करतायत. मऊ झालं की नाही, हे मला कळायचं कसं?" मला त्यांची फार दया आली.

*

नाताळला ते मलाही तिसगावला घेऊन गेले. एसटीत मांडीवर बर्फाचा डबा, डब्यात दोन पुडकी. एकाला आवाज ऐकवलेला, दुसऱ्याला नाही. कुठलं कोणतं, हे त्यांनी मलाही सांगितलं नाही. वाटेत म्हणाले, "आप्पा मास्तर होते. स्वतःच्या वर्गात त्यांनी मला एका मार्कानं नापास केलंय. आई रडली, पण त्यांनी मार्क वाढवला नाही. त्यांच्या तोंडून खोटं निघायचं नाही."

सरांच्या वहिनींनी दोन्ही मटणं वेगवेगळ्या पातेल्यांत सारखीच शिजवली. अंगणात कोवळं ऊन होतं. आप्पा खाटेवर बसले, सरांनी दोन वाट्या पुढे ठेवल्या. आप्पांनी पहिल्या वाटीतला तुकडा तोंडात घेतला. हिरड्यांनी बराच वेळ घोळवला. मग दुसऱ्या वाटीतला, तोही तितकाच वेळ. कोंबड्या पायाशी येऊन थांबल्या होत्या. सर खाटेच्या कडेला टेकले.

"आप्पा, कुठलं मऊ?"

आप्पांनी पंच्यानं तोंड पुसलं. दोन्ही वाट्यांकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"तू केल्यालं कुठलं, त्ये सांग आधी."

"ते सांगायचं नसतं. सांगितलं तर परीक्षा कसली?"

"सांग रं लेका."

सरांनी मान हलवली. सांगितलं नाही.

आप्पांनी दोन्ही वाट्या जवळ ओढल्या. "बरं, नगं सांगू," ते म्हणाले. "तू केल्यालं हाय ना, त्येच मऊ हाय."