जाळीपाशी सोडलेला माणूस

त्या वर्षी माझी प्रार्थना सुकून गेली होती. रविवारी उपासनेला जात होतो, सगळ्यांबरोबर गीतांना उभा राहत होतो. पण डोळे मिटले की देवाऐवजी माझ्या हाताखालची सात माणसं समोर येत. मी प्रवरेच्या कालव्यावर मुकादम होतो. बेलापूर रोड स्टेशनच्या अलीकडचा काही मैलांचा कालवा माझ्याकडे होता आणि त्यावर सात पाटकरी होते. पाटकऱ्याचं काम एकट्याचं. बांधावरून चालत राहायचं, कुठे पाणी फुटतंय का बघायचं, शेतांकडे जाणाऱ्या चाऱ्यांची दारं उघडायची, मिटायची. सकाळी घरून निघालेला माणूस दिवसभरात कुणाच्या नजरेला पडेलच असं नाही. त्यात लढाईचे दिवस. धडधाकट माणसं पलटणीत निघून गेली होती, जागा रिकाम्या पडत होत्या, आणि आहेत त्या माणसांत भागवा असा वरून हुकूम येत होता. मी भागवत होतो.

माझ्या हद्दीत एके ठिकाणी कालवा ओढ्याच्या खालून बोगद्यानं जात असे. त्याला आम्ही सायफन म्हणायचो. बोगद्याच्या तोंडाशी उभ्या लोखंडी गजांची जाळी होती. पाण्याबरोबर वाहत आलेल्या फांद्या, पाचट, झुडपं त्या जाळीला अडकत. लांब आकडीनं तो कचरा वर ओढून काढावा लागे, नाहीतर पाणी तुंबून बांध फुटण्याची भीती. तिथे पाण्याला ओढ अशी की पाय सरलेला माणूस सरळ जाळीवरच जाऊन आदळावा. म्हणून जाळीवर नेहमी दोघं असत, दगडू आणि त्याचा जोडीदार. जोडीदार पलटणीत भरती झाला, तेव्हा त्याच्या जागी मी कुणाला दिलं नाही. देता आलं असतं. पण खालच्या चारीवर बागाईतदारांची रोज ओरड होती, आणि ओरडणाऱ्यांचं आधी ऐकलं जातं. हाताशी होता तो एकच मोकळा माणूस मी तिकडे पाठवला.

दगडू मला भेटायला आला. पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. मुंडाशाचं टोक चाळवत म्हणाला, "मुकादम, जाळी एकट्यानं काढायची म्हंजी मला भ्या वाटतं. पाय सरला तर हाक ऐकायला बी तितं कोन न्हाई."

"देव आहे ना, दगडू," मी म्हणालो.

तो जरासा हसला. "व्हय, त्यो तर हायच," म्हणाला आणि गेला.

पुढे कितीतरी दिवस ते वाक्य मला टोचत राहिलं. देवावर विश्वास होता म्हणून मी ते बोललो नव्हतो. त्याला माझ्यासमोरून लवकर घालवायचं होतं म्हणून बोललो होतो. रोज संध्याकाळी तो परत आल्याचं कळलं की जीव भांड्यात पडे, आणि सकाळ झाली की धास्ती पुन्हा सुरू. तरीही माणूस मात्र मी दिला नाही.

मग तो दिवस आला. आदल्या दिवशी दुपारनंतर मोठी वावटळ सुटली होती. कालवा शेतांना सोडायच्या पाळीच्या पाण्यानं काठोकाठ भरलेला. सकाळी उशिरा मी सायकलवर स्टेशनकडे निघालो, कारण कालव्याचे इंजिनीयर साहेब गाडीनं येणार होते आणि त्यांना भेटणं चुकवण्यासारखं नव्हतं. दोनेक मैल गेलो असेन. रस्त्यात काही घडलं नाही, कुणी भेटलं नाही. पण तोंडातून आपोआप 'दगडू, दगडू' असं नाव येऊ लागलं. मी स्वतःवरच चिडलो. साहेब रागावतील, जागेवर नाही म्हणून शेरा मारतील, हे सगळं डोक्यात येत होतं. तरी पाय जमिनीला टेकले. सायकल वळवली ती मीच. पण का वळवली हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही.

कालव्याच्या पुलावर आलो आणि खाली पाहिलं. सायफनच्या पुढच्या अंगाला पाणी निम्म्याहून खाली उतरलं होतं. म्हणजे वर जाळी तुंबलेली होती आणि ती काढणारं कुणी नव्हतं. बांधावरून सायकल कशी मारली ते आठवत नाही. एकदा पडलो, गुडघा फुटला. तोंडानं प्रार्थना करत होतो म्हणावं, तर तसंही नाही. "त्याला ठेव, त्याला ठेव," एवढंच पुटपुटत होतो, आणि ते मागायला मला तोंड नाही हेही कळत होतं.

सायफनपाशी दगडी काठावर एक माणूस पालथा पडलेला दिसला. पांढरी दाढी, अंगभर कापसाचे तंतू. बाजूला गाठोडं. कापूस पिंजायचं लांबलचक पिंजण त्यानं पाण्यात सोडून दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाशी हनुवटीपर्यंत पाण्यात दगडू होता. पिंजणाला त्याचा दंड मुंडाशानं बांधलेला. त्याचा पाय खाली गजांमध्ये अडकला होता आणि पाणी बोटाबोटानं चढत होतं.

मला पाहून तो पिंजारी ओरडला, "इकडं येऊ नका! दोघांनी ओढून पाय निघत नाही, मी बघितलं. आधी पाणी कमी करा! मी धरलाय याला."

त्याचं खरं होतं. थोडं वरच्या अंगाला, जादा पाणी ओढ्यात सोडायचं एक दार होतं. एक किल्ली दगडूच्या कमरेला, पाण्याखाली. दुसरी माझ्याकडे. मी धावत सुटलो. कुलूप निघालं, पण दाराचा दांडा गंजानं धरला होता. एरवी तो फिरवायला दोघं लागायचे. दोघं कुठे होते? मी तो खांद्यानं रेटला, लाथा घातल्या, त्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडलो. "माझ्या चुकीची शिक्षा त्याला नको," असं मोठ्यानं म्हणालो. माझ्या कित्येक महिन्यांच्या प्रार्थनांमध्ये खरी म्हणावी अशी ती पहिलीच. मग पुन्हा दांड्याला भिडलो. तो करकरला, बोटभर हलला, आणखी बोटभर हलला, आणि पाणी ओढ्यात कोसळू लागलं.

धावत मागे आलो तेव्हा पाणी दगडूच्या ओठांना लागलं होतं. पिंजारी त्याच्याशी सारखं बोलत होता. "तोंड वर कर. माझ्याकडं बघ. घरी कोण कोण हाय, सांग मला." दगडू नाकानं श्वास घेत होता. मी काठावर आडवा झालो आणि त्याची बंडी मानेपाशी धरली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पाणी आधी हनुवटीखाली आलं, मग गळ्याखाली, मग छातीखाली. ओढ कमी झाली तसा मी उतरलो, कचरा बाजूला केला, पाय गजांतून सोडवला. घोट्याचं हाड मोडलं होतं. त्याला वर घेतलं तेव्हा तो म्हणाला, "मुकादम, लई हाका मारल्या म्या."

मी त्याच्या दंडाचं मुंडासं सोडलं आणि मोडलेला घोटा त्यानं बांधला.

पिंजणाची तात, म्हणजे त्यावर ताणलेली दोरी, तुटली होती; पिंजाऱ्याचे तळहात सोलले होते. मी त्याला विचारलं, तुम्ही इथे कसे? तो गोंधळूनच गेला. म्हणाला, "तेच मला कळंना. वीस वर्षं मी सडकेनंच जातो. आज कुठं वळलो आणि या बांधावर कसा आलो, ठाऊक न्हाई. दुपारच्या नमाजाआधी हातपाय धुवावेत म्हणून पाणी बघत आलो, तर हा दिसला." माझी सायकल वळली तीही साधारण हीच वेळ, असं मी मनात ताडून पाहिलं. त्याला ते सांगितलं नाही. रस्त्यावरची एक बैलगाडी बोलावून दगडूला तीत घातल्यावर पिंजाऱ्यानं कालव्याच्या पाण्यानं हात धुतले, पंचा अंथरला आणि नमाज पढला. मी टोपी काढून थोडा दूर उभा राहिलो. त्या वेळी मात्र डोळे मिटल्यावर आत कोरडं वाटलं नाही.

मिशनच्या दवाखान्यात दगडूची बायको आली. माझ्या पाया पडायला वाकली. "तुमी आलात म्हनून कुकू राहिलं," म्हणाली. मी मागे सरलो. म्हणालो, "बाई, त्याला तिथे एकटा ठेवला तो मीच. त्यानं माणूस मागितला होता."

ती उभी राहिली. मग म्हणाली, "मला ठावं हाय. घरी सांगत हुते ते. आता त्यांच्या जागी दुसऱ्या कुनाला एकट्याला धाडू नगा."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

साहेबांना मी सगळं खरं लिहून कळवलं, माझी चूक धरून. जाळीवर एकटा माणूस पाठवणार नाही, हेही लिहिलं. नोकरी जाईल असं वाटलं होतं. साहेब आले, पुष्कळ बोलले; मग सायफनच्या काठावर उभे राहून पाण्याकडे बघत राहिले आणि निघून गेले. पंधरा दिवस मी रोज टपालाची वाट बघत धास्तावून काढले. शेवटी दोन माणसांची मंजुरी आली. दगडूचा पाय थोडा आखूडच राहिला. त्याला मी पाणी मोजायच्या पट्टीवर बसतं काम दिलं. बाकीच्या पाटकऱ्यांना नेम लावून दिला, की दुपारी आणि संध्याकाळी शेजारच्या हद्दीवरच्याला तोंड दाखवायचं, आणि जो दिसला नाही त्याला लगेच शोधायला निघायचं.

त्या पिंजाऱ्याचा मी पुढे बाजारात पुष्कळ शोध घेतला. तो परत दिसला नाही. तो कोण होता, माणूस की देवदूत, याचा वाद मी कधी घातला नाही. हात सोललेला, दमलेला एक माणूस होता, आणि त्याला वाट चुकवून तिथे आणलं गेलं, एवढं मला पुरे आहे.

देवावर भार टाकणं म्हणजे आपले हात रिकामे करणं, असं मी समजत होतो. त्या दिवसापासून रोज पहाटे सगळ्या पाटकऱ्यांची नावं एकेक करून त्याच्यापुढे घेऊ लागलो. जे माझ्या आवाक्याबाहेर आहे ते तू बघ, म्हणायचो. जे आवाक्यात आहे ते मला चुकवू देऊ नकोस, म्हणायचो. मग आमेन म्हणून उठायचो आणि प्रत्येकाला डोळ्यांनी पाहायला बांधावर जायचो.