बेस हाय ना?

बायको पुण्याला लेकाकडे गेली ती सुनेच्या बाळंतपणासाठी. दोन महिन्यांत येते म्हणाली होती. आता नात शाळेत जाते. मी इथे वडीगोद्रीला, मोसंबीच्या बागेपाशी. बाग टाकून जाता येत नाही हे खरं, आणि मी तिला एकदाही ‘ये’ म्हणालो नाही हेही खरं. तिला आपणहून कळावं, असा माझा हट्ट. रोज संध्याकाळी ती फोनवर जेवलात का विचारते, मी सगळं ठीक आहे म्हणतो. फोन ठेवला की घर खायला उठतं.

टीव्ही होता, पण त्याचा आवाज पुढच्या मोठ्या खोलीत कुठल्या कुठे विरून जायचा. लेकाला म्हणालो, एखादा वूफर घ्यावा म्हणतो. तो म्हणाला, मी इथून मागवतो, तुम्हाला घरपोच मिळेल. मी नको म्हणालो. दारात खोकं टेकवून पळणाऱ्याशी माणूस काय बोलणार? दुकानात गेलं की निदान घटकाभर माणसांत तरी बसणं होतं.

हायवेवरच्या दुकानदाराने चहा सांगितला आणि सोयरीक जुळवायला बसल्यासारखी चौकशी सुरू केली. घर पत्र्याचं का स्लॅबचं? पत्र्याचं असलं की गाण्याआधी पत्राच वाजतो म्हणे. खोली केवढी? खाली नुसती फरशी का सतरंजी? मग आठ इंची, दहा इंची, बारा इंची असे डबे त्याने एकामागून एक वाजवून दाखवले. दहा इंचीवर हात ठेवून म्हणाला, “याचा बेस बेस हाय.” एक बेस म्हणजे डब्याचा खर्जातला आवाज, आणि आमच्याकडे बेस म्हणजे बरं, झकास. स्वतःच्या विनोदाला तो स्वतःच हसला. मीही हसलो. कुणासोबत हसून बरेच दिवस झाले होते.

शेवटी त्याने विचारलं, बसणारी माणसं किती? एकटंच माणूस असेल तर आठ इंची भरपूर झाला, मोठा घेतला तर उगाच घुमेल. तो ‘एकटा’ मला झोंबला. सहा-सात जण असतात, असं मी ठोकून दिलं. त्याने बिनबोभाट बारा इंची बांधून दिला.

घरी आणून जोडला, तर बातम्या सांगणारा बुवा विहिरीत उतरून बोलतोय असं वाटायला लागलं. दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, डबा तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा, गाणं लावा आणि तुम्ही भिंतीकडेने फिरा. जिथे आवाज बराबर वाटेल, तीच डब्याची जागा. आणि माणसं बसली की घुमणं आपोआप कमी होतं, हेही वर सांगितलं. आता ती सहा-सात माणसं मी कुठून आणू?

दिवाणावर माझ्या जागेवर डबा ठेवला. शेजारची जागा तिची, ती तशीच मोकळी. गाणं लावलं आणि भिंतीच्या कडेकडेने वाकत निघालो. कपाटामागे कान लावला, दारामागे लावला, एका कोपऱ्यात तर उकिडवाच बसलो. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, म्हाताऱ्याला चळ लागला. पण पाहायला होतं कोण? त्या कोपऱ्यात बसल्या बसल्या मला रडू आलं.

तेवढ्यात तिचा फोन आला. आज जेवणाचं नाही विचारलं.

“बेस हाय ना?”

लेकाने वूफरचं हिच्या कानावर घातलेलं दिसतंय, असं मला वाटलं. म्हणालो, “हाय, पन लई घुमतो. घरात मानसंच न्हाईत, मंग घुमनारच.”

ती हळूच म्हणाली, “मी तुमचं इचारलं.”

वूफरचं तिला काही ठाऊकच नव्हतं. मी उठून डबा बंद केला. खोली एकदम शांत झाली. रोजचं ‘ठीक आहे’ ओठांपर्यंत आलंच होतं.

“न्हाई,” मी म्हणालो. “मी बेस न्हाई. तू ये आता.”