परत ठेवलेली मुळी

काल पारोळ्याच्या बाजारात सफेद मुसळीच्या ओल्या मुळ्यांचा मातकट वास आला. तीस वर्षांपूर्वी, कॉलेजात असताना, सातपुड्याच्या पायथ्याशी मी मावशीबरोबर मुसळी खणली होती. पांढरी फुले केव्हाच झडून गेली होती, पाने पिवळी पडली होती. मावशीची लेक बाळंतीण होती. तिला दूध पुरत नव्हते, म्हणून मुळ्या हव्या होत्या. मी अख्खा झुबका उपटला.

"बठ्ठं काढी लेशी तं पुढला सालनी बाळंतीन काय खाई, पोरी?" मावशी म्हणाली.

तिने सर्वांत जाड मुळी कोंबासकट खड्ड्यात परत ठेवली आणि वर माती दाबली. घरी लेकीसाठी बारीक मुळ्याच गेल्या. मला मावशीचा राग आला होता.

पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यातल्या मुळ्या शेजारच्या बाळंतीण सुनेला गेल्या.