तीन पाण्यांची रेती

बापाचा पाय शिडीवरून घसरणार, ही धास्ती रीमाच्या डोक्यातून जाईना. बहात्तर वर्षांचा माणूस, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, आणि तीन दिवस झाले, जेवण उरकलं की पिशवीत छिन्नी-हातोडी टाकतो नि “चर्चात जाऊन येतो” म्हणून निघतो. बोलावलंय कुणी? कुणीच नाही. धाकू गवंड्याने काम सोडून सहा वर्षं झाली होती.

चौथ्या दुपारी ती त्याच्या मागोमाग निघाली. मोरवा गावच्या गल्लीतून चालताना पावलागणिक तिचा राग चढत गेला. त्या चर्चपायी या माणसाने तिच्याच लग्नातसुद्धा अर्धा दिवस दांडी मारली होती.

एकोणीसशे चौतीस साली ते बांधलं तेव्हा गावात सिमेंट कुणी पाहिलं नव्हतं. गोणी होडीतून धक्क्यावर उतरायच्या आणि धाकूचा बाप, सोळा वर्षांचा कोळी, घमेली वाहायचा. आत मधोमध एकही खांब नाही. दोन्ही भिंतींतून निघालेल्या काँक्रीटच्या कमानी वर जाऊन एकमेकींना भिडतात. ओतकामाच्या फळ्यांच्या शिरा छतावर अजून उमटलेल्या दिसतात. खिडक्यांना सिमेंटची जाळी, दाराशी टप्प्याटप्प्याने निमुळता होत गेलेला घंटेचा मनोरा.

रेती मात्र खाडीची, म्हणजे खारी. खार आतलं लोखंड खातो. म्हणून ती विहिरीच्या गोड्या पाण्यात तीनदा धुवायची, चिमूटभर जिभेवर ठेवायची, अळणी लागली तरच कालवायची. बापाने हे धाकूला शिकवलं, आणि चर्चची डागडुजी करताना धाकूने चाळीस वर्षं हाताखालच्या प्रत्येकाला त्यावरून शिव्या घातल्या. एका ठेकेदाराचा अख्खा ढीग त्याने लाथेने उधळला होता. ती गोष्ट गाव अजून सांगतं.

रीमा आत शिरली तर तो शिडीवरच. दारावर गाणाऱ्यांसाठी सज्जा आहे, त्याच्या खाली. बाकांवर गिलाव्याचे तुकडे पडलेले. वर काँक्रीट फुटून सळई उघडी पडली होती, गंजाने फुगलेली, पापुद्रे सुटलेली.

“बाबा, खाली उतरा.”

“वरडू नको. देवाचं घर हाय.”

“देवाचं आहे ना? मग देव बघेल. तुम्ही उतरा!”

तो पायाने एकेक पायरी चाचपत उतरला.

रीमाने वरच्या सळईकडे बोट केलं. “कुणी केलंय हे असलं काम? कोण तो हरामखोर?”

धाकूने हातोडी बाकावर ठेवली. “मीच.”

“काय?”

“सत्त्याण्णव साली. सण चार दिसांवर, हीर आटलेली, टँकर येईना. न्हाय धुतली रेती.”

“आणि जिभेवर?”

“ठेवली व्हती. खारी लागली.”

म्हणजे कळून केलं. चाळीस वर्षं लोकांच्या सात पिढ्या उद्धारल्या, आणि स्वतः कळून केलं.

“रविवारी सण आहे. पस्तीस पोरं उभी राहणार त्या सज्ज्यावर!”

“शनवारपर्यंत भरतो ना. कुनाला समजायला नको.”

“भरणार? सळई अर्धी उरली नाही, वरून गिलावा फासणार? दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर खाडीत बुडवला असतात त्याला.”

“रीमा, या गावात माज्या नावाला येवढी एकच गोष्ट हाय. ती ऱ्हाऊ दे.”

“नाव घेऊन बसा तुम्ही! आयांना काय सांगू मी, तुमची पोरं पडली पण आमच्या बाबांचं नाव राहिलं?”

तो पुन्हा शिडीकडे वळला, तशी ती आडवी उभी राहिली.

फादर कामानिमित्त वसईला गेले होते, शनिवारी रात्री परतणार होते. सज्जा बंद करायला फक्त तेच सांगू शकत होते, आणि तेही आता फोनवरूनच. सज्जा धोक्याचा आहे, एवढंच म्हणून चालणार नव्हतं. फादर विचारणार, तुला कसं कळलं? कशावरून? आणि बाबांच्या नावासाठी खोटं बोलायची तिची आता तयारी नव्हती. तिने फोन बाहेर काढला.

“कुनाला लावतेस?” धाकूने विचारलं.

“फादरना,” ती म्हणाली, आणि नंबर लावला.