दोन पिशव्या रक्त

२०१६ च्या सुमारास मी डहाणूत भूलतज्ज्ञ होते. महिन्यातून एकदा मुंबईहून छातीचे सर्जन येत. त्या दिवशी भूल देताना करायच्या कामांची माझी यादी ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवर लागे, अठ्ठावीस कलमं, क्रमानं. माझ्या हाताखालची नवी डॉक्टर तलासरीकडची होती. रुग्णांच्या बायका मला ‘मॅडम’ म्हणत आणि तिला आपलेपणानं ‘बाय’. तिची सुई पहिल्याच प्रयत्नात शिरेत जायची. सर्जन माझ्याशी कामापुरतं बोलत, तिच्याशी हसून. हे सगळं मला खुपायचं.

आमच्याकडे रक्ताची कायम चणचण. पाड्यावरून टेंपोभर माणसं सोबतीला येत, पण “आमच्याच अंगात रक्त नाही” म्हणत, आणि तपासलं की ते खरंच निघे. म्हणून मी एक पद्धत बसवली होती. भूल दिल्यावर रुग्णाचंच दोन पिशव्या रक्त काढून ठेवायचं आणि तेवढी जागा सलाईननं भरायची. ऑपरेशनमध्ये वाहून जाई ते पातळ रक्त. मूळचं शेवटी परत द्यायचं. दोन तरुणांवर हे उत्तम जमलं होतं.

तिसरा रुग्ण कैनाडचा, पन्नाशीचा, विड्या ओढून छातीचं खोकं झालेला, आत पू साचलेला.

“मॅडम, ह्यांची फुप्फुसं आधीच खराब आहेत. रक्त काढायलाच हवं का?” तिनं विचारलं.

“यादीत हिमोग्लोबिन बघायचंय, विड्या मोजायच्या नाहीत,” मी म्हणाले. सिस्टर हसल्या. मला बरं वाटलं.

सर्जनना काम करता यावं म्हणून एक फुप्फुस बंद ठेवलं. त्यातून जाणारं रक्त ऑक्सिजन न घेताच परत येतं. सगळा भार दुसऱ्यावर. मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा घसरू लागला. नव्वद. शहाऐंशी. मी नळीची जागा तपासली, कफ ओढून घेतला, ऑक्सिजन पूर्ण सोडलेलाच होता. दोन्ही फुप्फुसं फुगवली की आकडा वर येई, एक बंद केलं की पुन्हा खाली.

“मॅडम, फुग्यावर टाके घालू का मी?” सर्जन वैतागले. “जमत नसेल तर छाती बंद करतो.”

काम अर्धवट सोडून छाती बंद केली असती, तर आतला पू तसाच राहून हा माणूस महिन्याभरात गेला असता.

“रक्त फार पातळ झालंय, मॅडम, ऑक्सिजन वाहायला पुरत नाही,” ती हळूच म्हणाली. “पिशवी आत्ताच लावू या?”

माझ्या यादीत ते सव्विसावं कलम होतं, सर्जनचं काम संपल्यानंतरचं. ती बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळलं. तरी मनात पहिल्यांदा आलं ते हे, की ती बरोबर ठरू नये. चार-पाच श्वास मी तशीच उभी राहिले. ते श्वास त्याचे होते.

“लाव,” मी म्हणाले.

पहिली पिशवी संपता संपता एकोणनव्वद, दुसरीनंतर त्र्याण्णव.

“वा! कुणाची युक्ती?” सर्जननी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी सलाईनचा वेग कमी करत होते. “पुढं चालू द्या, सर,” मी म्हणाले.

माणूस आठवड्याभरात चालत घरी गेला. मी यादीत नवं कलम घातलं: फुप्फुसं खराब असतील तर रक्त काढू नये, काढलं असेल आणि आकडा घसरला, तर लगेच परत द्यावं. पुढच्या महिन्यात सर्जननी ते वाचलं.

“मॅडम, हे अगदी अचूक लिहिलंत.”

“थँक यू, सर,” मी म्हणाले.

ती शेजारीच सिरिंज भरत होती. मी तिकडे वळले नाही.